चिनी पूर्वजचित्रातला हुद्दा खरा मानावा का?

प्रवासी पक्षी (सिंगापूर):

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे नोकरीनिमित्त सिंगापुरात राहतो. चिनी कलेचा माझा अभ्यास नाही; रविवारी जुन्या वस्तूंच्या दुकानांतून हिंडण्याची सवय मात्र इथे आल्यावर लागली. गेल्या महिन्यात अशाच एका दुकानात एक मोठे चित्र पाहिले आणि तेव्हापासून ते डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून इथल्या जाणकारांना विचारतो आहे.

चित्र रेशमावर रंगवलेले आहे आणि उंचीने जवळजवळ माझ्याएवढे आहे. एक वृद्ध पुरुष आणि एक वृद्ध स्त्री अगदी समोर तोंड करून शेजारीशेजारी खुर्च्यांवर बसली आहेत. दोघांचेही हात बाह्यांत लपलेले आहेत, चेहऱ्यांवर ना राग ना हसू. पुरुषाच्या अंगावर काळपट निळा झगा असून त्याच्या छातीवर भरतकामाचा मोठा चौकोन आहे. त्यात लाटांमधल्या खडकावर एका पायावर उभा असलेला पांढरा क्रौंच आणि कोपऱ्यात सूर्याची लाल तबकडी दिसते. झगा पुढून उघडणारा असल्यामुळे चौकोन मधोमध दुभंगला आहे आणि चित्रकाराने ती फट क्रौंचाच्या अंगावरूनही प्रामाणिकपणे ओढली आहे. डोक्यावर काठ वर वळवलेली काळी टोपी, तिच्यावर लाल गोंड्याचे धागे आणि टोकाला निळा मणी आहे. मण्यात चकाकीचा एक बारीकसा पांढरा ठिपका दिला आहे. गळ्यात पोटापर्यंत येणारी लांब माळ आहे. बाईंच्या कपाळावरची एकेक सुरकुती मोजून घ्यावी अशी काढली आहे. त्यांचा पोशाख लाल, त्यावर खाली झालर असलेले बिनबाह्यांचे निळे वस्त्र, आणि घागऱ्याखालून बुटाचे सुपारीएवढे टोक डोकावते.

दुकानदाराच्या मते हा ‘चिंग दरबारातला’, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातला, ‘पहिल्या श्रेणीचा मंत्री’ आहे आणि किंमतही त्याने मंत्र्याला शोभेल अशीच सांगितली. माझी शंका अशी की, कपड्यांवरून हुद्दा इतका सहज ओळखता येत असेल, तर तो खोटा रंगवणेही तितकेच सोपे असणार. मग अशा चित्रातला हुद्दा कितपत खरा धरावा? दोन्ही चेहरे इतके सपाट, पासपोर्टच्या फोटोसारखे का? आणि शेवटचा प्रश्न आमच्या आईचा आहे. तिला फोनवर चित्राविषयी सांगितले तेव्हा ती म्हणाली, “परक्यांचे पितर घरात कशाला आणतोस?” यावर मला उत्तर सुचले नाही.

वस्त्रवेडी (पुणे):

आपण वर्णन इतके बारकाईने केले आहे की, चित्र न पाहताही काही गोष्टी सांगता येतील, आणि त्यातली पहिली म्हणजे आपल्या दुकानदाराचे विधान चित्रातच अडखळते.

छातीच्या या चौकोनाला चिनीत ‘बूत्झ’ म्हणतात. मिंग घराण्याचा संस्थापक झू युआनझांग, म्हणजेच होंगवू सम्राट, याच्या कारकिर्दीत १३९१ साली अधिकाऱ्यांच्या पोशाखासाठी ही चिन्हे ठरवण्यात आली. मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी आणि लष्करी अधिकाऱ्यांना चतुष्पाद प्राणी. पुढे मांचूंचे चिंग घराणे आले, त्यांनी दरबारी पोशाखाचा घाट बदलला, तरी ही पद्धत मोडली नाही. १६५२ मध्ये त्यांनी आपले नियम काढले. मिंग काळातला चौकोन मोठा आणि अखंड असे, कारण तो अंगरख्यावरच असे. चिंग काळात तो वरून घालायच्या, पुढे उघडणाऱ्या झग्यावर आला आणि म्हणून छातीवरचा तुकडा दुभंगला. पाठीवरचा मात्र अखंडच राहिला. आपल्या चित्रकाराने ओढलेली फट हीच तो पोशाख चिंग काळाचा असल्याची खूण आहे.

श्रेणी नऊ होत्या. पहिल्या श्रेणीला क्रौंच, दुसरीला सोनेरी फेझंट, तिसरीला मोर, चौथीला रानहंस, पाचवीला रुपेरी फेझंट, सहावीला बगळा, सातवीला मँडरिन बदक, आठवीला लावा, आणि नववीला आपण ज्याला स्वर्गीय नर्तक किंवा बाणपाखरू म्हणतो तो लांब शेपटीचा पक्षी. (आपल्याकडे बाणपाखरू अंगणात आले तर आपण हातचे काम टाकून पाहत बसतो, तिथे ते सर्वांत खालच्या कारकुनाच्या वाट्याला आले, याचे मला नेहमी वाईट वाटते.) लेखापरीक्षण आणि दोषारोप करणाऱ्या निरीक्षकांना पक्षी नसे, त्यांना अपराधी ओळखणारा ‘श्येझी’ नावाचा काल्पनिक प्राणी असे. राजघराण्यातल्या थोरांचे चिन्ह चौकोनी नसून गोल असे.

आता टोपी पाहा. टोकाच्या मण्याचाही स्वतंत्र क्रम होता: पहिल्या श्रेणीला माणिक, दुसरीला पोवळे, तिसरीला पारदर्शक निळा नीलम, चौथीला अपारदर्शक निळा राजावर्त, पाचवीला स्फटिक, सहावीला अपारदर्शक पांढरा शिंपला, आणि त्याखाली सोन्याच्या मुलाम्याचे साधे किंवा नक्षीचे मणी. सगळ्यांना खरी रत्ने परवडत नसल्याने १७३० पासून त्या त्या रंगाची काचही चालू लागली. आपल्या चित्रातल्या मण्यात चकाकीचा ठिपका आहे, म्हणजे चित्रकाराला तो पारदर्शक दाखवायचा होता, म्हणजेच तिसरी श्रेणी. ठिपक्याला फार महत्त्व न देता तो राजावर्त मानला, तरी चौथी. छातीवर पहिली आणि डोक्यावर तिसरी, असा अधिकारी चिंग दरबारात उभा राहू शकला नसता.

गळ्यातली माळ १०८ मण्यांची असते आणि हा आकडा आपल्याला ओळखीचा वाटतो तो योगायोगाने नाही. ती बौद्ध जपमाळेवरूनच आली आहे. दर २७ मण्यांनंतर एक मोठा मणी आणि बाजूंना दहा-दहा मण्यांच्या तीन लहान लडी असतात. पुरुषांच्या माळेत त्यांतल्या दोन डाव्या बाजूला आणि एक उजवीकडे, बायकांच्या माळेत याच्या उलट. मुलकी अधिकाऱ्यांत पाचव्या श्रेणीपर्यंतच माळेचा अधिकार होता, म्हणून माळेवरून पहिली की तिसरी हे ठरणार नाही. चित्रकाराला नियम ठाऊक होते की नाही, एवढे मात्र कळेल.

माझी विनंती अशी की, पुन्हा दुकानात गेलात तर बाईंच्या छातीवर काय आहे ते पाहावे. झालरीचे ते निळे वस्त्र म्हणजे ‘श्यापै’. त्यावरही चौकोन असतो आणि त्यात नवऱ्याच्याच श्रेणीचा पक्षी असतो, फक्त तोंड उलट बाजूला, म्हणजे नवराबायको शेजारी बसली की दोघांचे पक्षी एकमेकांकडे पाहतात. बुटाचे टोक सुपारीएवढे आहे म्हणजे पाय बांधलेले आहेत, तेव्हा त्या हान, म्हणजे मूळ चिनी वंशाच्या असणार. मांचू बायका पाय बांधत नसत आणि त्यांच्या प्रत्येक कानात तीन डूल असत.

रेषाकाका (नाशिक):

हुद्द्यातले मला फारसे कळत नाही. चेहऱ्याविषयी मात्र बोलू शकेन, कारण शाळेत चाळीस वर्षे चित्रकला शिकवताना ‘सपाट’ हा शब्द मी मुलांच्या वह्यांवर फार वेळा लिहिला आणि चिनी चित्रे नीट पाहिल्यावर त्यातला बराचसा मनातल्या मनात परत घेतला.

हे चित्र पाहण्यासाठी काढलेले नसून समोर बसून नमस्कार करण्यासाठी काढलेले आहे. नमस्कार करणाऱ्याच्या नजरेला नजर भिडली पाहिजे, म्हणून तोंड पूर्ण समोर आणि दोन्ही कान दिसतील असे. हेही पहिल्यापासून नव्हते. मिंग घराण्यातल्या सुरुवातीच्या सम्राटांची चित्रे थोडी तिरकी, तीन-चतुर्थांश चेहरा दाखवणारी आहेत आणि पंधराव्या शतकाच्या मध्यापासून ती सरळ समोर पाहू लागतात. युरोपीय पद्धतीने गालाखाली काळी सावली दिली तर ती तिथल्या लोकांना डागासारखी वाटे. म्हणून रंगाच्या पातळ थरांवर थर देत, काही वेळा रेशमाच्या मागच्या बाजूनेही रंग लावत, उठाव आणला जाई. आपण म्हणता तशा मोजून काढलेल्या सुरकुत्या असतील, तर तो चेहरा त्यांच्या हिशेबाने मुळीच सपाट नाही.

चेहऱ्याच्या साम्यावर त्यांचा किती कटाक्ष होता, हे अकराव्या शतकातल्या वादावरून दिसते. छंग यी (१०३३–११०७) या तत्त्वज्ञाचे म्हणणे असे होते की, चित्रात एक केस जरी चुकला तरी ती दुसरी व्यक्ती झाली आणि मग आपली पूजा भलत्यालाच पोहोचणार. त्यापेक्षा नुसती नाव लिहिलेली पाटी बरी. त्याचाच समकालीन सिमा ग्वांग (१०१९–१०८६) याची हरकत निराळी होती. जी बाई जन्मभर घराच्या आतल्या भागात राहिली, तिच्या मृत्यूनंतर परक्या चित्रकाराने तोंडावरचे वस्त्र उचलून तिचा चेहरा न्याहाळावा, हे त्याला पटत नव्हते. या हरकतींवरून एवढे नक्की कळते की, लोक तेव्हाही चित्रे काढून घेतच होते.

आणि ती बहुधा मरणानंतर काढली जात. चित्रकार प्रेताजवळ बसून टिपण करी, किंवा तेही जमले नाही तर नाक, डोळे, भुवया यांचे नमुने असलेली वही नातलगांपुढे ठेवी आणि नातलग सांगत की, डोळे असे, पण नाक धाकट्या मुलीसारखे. अंगावरचे कपडे, खुर्ची, गालिचा ही कामे हाताखालच्या शिकाऊ मुलांकडे असत. कित्येक कारखान्यांत तर पोशाखासह धड आधीच रंगवून तयार असे आणि गिऱ्हाईक आले की वर चेहरा बसवला जाई. म्हणजे मानेच्या वरचा भाग माणसाचा आणि खालचा भाग ठरलेल्या साच्याचा.

मोडीवाचक (सातारा):

काकांच्या शेवटच्या वाक्याने माझी शंका आणखी पक्की झाली. धड जर तयार मिळत असेल, तर चेहरा चढवताना दोन श्रेणी वरचे धड निवडायला कोणाचा हात कोण धरणार होता? मी जुन्या घराण्यांच्या कैफियती वाचतो. वतन टिकवायचे असले की मूळ पुरुष एकदम थोर होतो, त्याला कोणत्या तरी बादशहाने स्वतःच्या हाताने वस्त्रे दिलेली असतात. चीनमधले लोक आपल्यापेक्षा निराळे असतील असे मानायला मला कारण दिसत नाही. अशा चित्रातला हुद्दा मी तरी कागदावरचा पुरावा मिळेपर्यंत खोटाच धरीन.

पिनांगकर (पूर्वी पिनांग, आता ठाणे):

मोडीवाचक, आपली सावधगिरी रास्त आहे. ‘खोटा’ हा शब्द मात्र इथे नेमका बसत नाही, आणि का बसत नाही ते सांगायला थोडा विस्तार करावा लागेल.

चिंग काळात अधिकाऱ्याला मिळालेला मान त्याच्यापुरता राहत नसे, तो मागे जाई. पहिल्या श्रेणीच्या अधिकाऱ्याच्या आईवडिलांना, आजोबाआजींना आणि पणजोबापणजींनाही त्याच्या श्रेणीचा सन्मान मिळे. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीला दोन पिढ्यांपर्यंत, चौथ्या ते सातव्या श्रेणीला फक्त आईवडिलांपर्यंत, आणि आठव्या-नवव्या श्रेणीचा मान स्वतःपाशीच संपे. पूर्वज जिवंत असोत किंवा नसोत, सम्राटाच्या नावाने सनद निघे. ती रंगीत रेशमी किनखापाच्या गुंडाळीवर चिनी आणि मांचू अशा दोन्ही लिप्यांत लिहिलेली असे. आता कल्पना करा की, जन्मभर भातशेती केलेला म्हातारा वारला आणि वीस वर्षांनी त्याचा नातू तिसऱ्या श्रेणीला पोहोचला. त्या म्हाताऱ्याने हयातीत मोराचा चौकोन कधी जवळून पाहिलाही नसेल, पण नव्या चित्रात तो मोर लावून बसेल आणि त्यात कायद्याने काहीच गैर नसेल. चित्रातला हुद्दा हा त्या माणसाच्या नोकरीचा दाखला असतो असे आपण गृहीत धरतो, तिथेच आपली वाट चुकते. घराने त्याला शेवटी काय मिळवून दिले, ते तिथे रंगवलेले असते.

दुसरी वाट पैशाची. दुष्काळाला मदत, पीत नदीच्या बांधांची दुरुस्ती, सैन्याचा खर्च अशा निमित्तांनी सरकार पदव्या विकत असे आणि १८५० ते १८६४ या ताइपिंग बंडाच्या काळात खजिना रिकामा झाल्यावर तर हा व्यवहार फारच वाढला. विकत घेतलेली पदवी बहुधा नावापुरती असे, प्रत्यक्ष जागा मिळेलच असे नाही. पण पोशाखाचा अधिकार खरा असे. चौकोनही सरकार देत नसे, ज्याचे त्याने बाजारातून विकत घ्यायचे. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक चौकोनांत पार्श्वभूमी एकसारखी आणि पक्षी वेगळा भरून वरून टाचलेला दिसतो, म्हणजे बढती मिळाली की पक्षी तेवढा बदलता यावा.

हा व्यवहार आपल्या प्रश्नकर्त्यांच्या दारापर्यंत आला होता. सिंगापुरात चिंग सरकारची वकिलात १८७७ मध्ये उघडली आणि मलायातल्या धनिक चिनी व्यापाऱ्यांना पदव्या मिळण्याचा तो एक मोठा मार्ग ठरला. पिनांगला मी राहत असे तिथून चालत जाण्याच्या अंतरावर चुंग केंग क्वी याचे घर आहे. पेराकमधल्या कथिलाच्या खाणींवर श्रीमंत झालेला आणि तिथल्या चिनी समाजाचा ‘कपितान’ म्हणजे प्रमुख असलेला हा गृहस्थ १९०१ मध्ये वारला. घराचे आता संग्रहालय झाले आहे. त्याला लागूनच असलेल्या त्याच्या पूर्वजमंदिरात दरबारी पोशाखातला त्याचा पुरुषभर उंचीचा ब्राँझचा पुतळा आहे. ब्रिटिशांच्या राज्यात पैसा मिळवलेला माणूस आणि अंगावर पेकिंगचा हुद्दा! पहिल्यांदा मला त्याचे हसू आले होते. पुढे तिथल्या वृद्ध मंडळींशी बोलणे झाले तेव्हा कळले की, गावाकडे परत कळवायची ती हीच बातमी होती.

लबाडी नव्हतीच असे मात्र मी म्हणत नाही. मिंग काळाच्या उत्तरार्धात लष्करी अधिकारी सर्रास सिंह लावू लागले होते, मग श्रेणी कोणतीही असो. आणि विसाव्या शतकातली लबाडी आणखी निराळी, कारण ती घराण्याने केलेली नसून बाजाराने केलेली आहे. १९०५ मध्ये अधिकारी निवडण्याच्या सरकारी परीक्षा बंद झाल्या, १९१२ मध्ये बादशाही गेली, घरे फुटली आणि ही चित्रे विकायला आली. परदेशी गिऱ्हाइकाला मंत्री आणि राजपुत्र हवे असत, तेव्हा खोटे लेख चढवणे, संबंध नसलेली दोन चित्रे जोडपे म्हणून विकणे, नव्याने रंगवून धुराने जुनी करणे, हे सगळे झाले. वॉशिंग्टनच्या सॅकलर संग्रहालयाने १९९१ मध्ये एका अमेरिकी संग्राहकाकडून अशी ८५ चित्रे घेतली आणि त्यांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांतलीही बरीच विसाव्या शतकातली निघाली.

आता आपल्या मातुःश्रींचा प्रश्न. आपल्या देवघरातल्या पूर्वजांच्या टाकाशी तुलना करायची झाली, तर ती या चित्राशी न करता लाकडी पाटीशी करावी लागेल. पूर्वजाचा वास पाटीत मानला जाई. तिच्यावर नाव आणि हुद्दा लिहून शेवटच्या अक्षराचा वरचा एक ठिपका मुद्दाम शिल्लक ठेवत आणि तो गावातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाच्या हातून देववत. तो पडला की पाटी पूजेला योग्य झाली. रोजची उदबत्ती तिच्यापुढे. चित्र एरवी गुंडाळून पेटीत असे आणि नववर्षाच्या दिवसांत किंवा पुण्यतिथीला तेवढे भिंतीवर येई. चित्रांतल्या माणसांच्या डोक्यावर बहुधा हिवाळ्याची टोपी दिसते तीही त्यामुळे चपखल वाटते. दुकानात टांगलेल्या चित्राची पाटी त्याच्याबरोबर आलेली नाही. तरीही आईंना ते घरात नको असेल, तर आपण वाद घालू नये असे मला वाटते. चिनी मित्रांपैकीही बऱ्याच जणांनी आपल्याला हाच सल्ला दिला असता.

प्रवासी पक्षी:

सर्वांचे मनापासून आभार. वस्त्रवेडीताई, आपण सांगितल्याप्रमाणे काल पुन्हा जाऊन आलो. दुकानदाराने चित्राजवळ शिडी लावू दिली आणि मोबाइलच्या उजेडात मी अर्धा तास चित्र पाहिले.

बाईंच्या छातीवरचा चौकोन झालरीच्या वरच आहे, तो पहिल्या वेळी माझ्या ध्यानातच आला नव्हता, कारण तिथले रेशीम काळवंडले आहे. त्यात मोर आहे. शेपटीची तीन पिसे आणि प्रत्येकावरचा डोळा स्पष्ट दिसतो, तोंड नवऱ्याच्या बाजूला वळलेले आहे. पुरुषाच्या माळेत दोन लडी त्याच्या डाव्या हाताकडे आणि एक उजवीकडे आहे. बाईंच्या बरोबर उलट. मग मी क्रौंचाकडे वळलो. त्याचा पांढरा रंग बाकीच्या चित्रापेक्षा जाड आहे, इतका की तिरक्या उजेडात त्याच्या कडेची सावली पडते. पंखाखाली एका जागी पापुद्रा सुटला आहे आणि आतून हिरवट निळा रंग दिसतो. मधली फट क्रौंचाच्या अंगावरून ओढलेली आहे असे मी लिहिले होते, ती तशी आहे. पण खालच्या खडकावरच्या फटीशी ती जुळत नाही, केसभर बाजूला सरकली आहे.

दुकानदाराला मोराविषयी विचारले, तर तो म्हणाला की, बायकांच्या कपड्यांवर नुसती नक्षी असते.

वस्त्रवेडी:

तिन्ही खुणा एकाच दिशेने बोलतात. मणी तिसऱ्या श्रेणीचा, बाईंचा पक्षी तिसऱ्या श्रेणीचा आणि क्रौंचाखाली हिरवट निळे काहीतरी. तो मोर असणार असे मानायला हरकत नाही.

उरतो प्रश्न, बदलले कोणी. पिनांगकरांनी सांगितलेली बढतीची वाट मी आधी विचारात घेतली: पणतू पहिल्या श्रेणीला पोहोचला आणि घराने जुन्याच चित्रात सुधारणा करून घेतली. पण घरातल्या माणसाने हे केले असते तर मण्यावर लाल रंग देणे हे सर्वांत सोपे काम होते आणि पणजीचा मोर बदलल्यावाचून तो राहिला नसता, कारण सनदेत पणजोबांबरोबर पणजीचेही नाव असे. ज्याने हे केले त्याला क्रौंच सर्वांत वरचा एवढेच ठाऊक होते; टोपी आणि बायको यांच्याकडे पाहायचे असते हे त्याला ठाऊक नव्हते. सरकलेली फटही तेच सांगते. मूळ चित्रकाराने लडींची डावीउजवी बाजूसुद्धा चुकवलेली नाही, त्याच्या हातून फट चुकली नसती. माझ्या अंदाजाने हे काम बादशाही गेल्यानंतरचे आणि विक्रीसाठी केलेले आहे. कोणाकडे अतिनील दिवा असेल तर त्याच्या उजेडात नंतरचा रंग बहुधा वेगळा उठून दिसतो. तो पापुद्रा मात्र नखाने उचलण्याचा मोह टाळावा.

मोडीवाचक:

माझे विधान मी अर्धे मागे घेतो. उरलेल्या अर्ध्याविषयी विचारतो: मोर तरी त्या गृहस्थाने स्वतः मिळवलेला, की मुलाने दिलेला, की विकत घेतलेला, हे चित्रावरून कळण्याचा काही मार्ग आहे का?

पिनांगकर:

चित्रावरून नाही. तिन्ही वाटांनी आलेला मोर एकसारखाच रंगवला जाई आणि पोशाखाच्या नियमांचा हेतूही तोच होता. कुळाची वंशावळ किंवा सनद हाती लागली तरच सांगता येईल, आणि चित्राची कड कापलेली असेल तर घराण्याचे नावही गेले.

प्रवासी पक्षी:

खालची कड कापलेलीच आहे. किंमत दुकानदाराने मी न मागता निम्म्यावर आणली, त्यामुळे त्यालाही क्रौंचाची गोष्ट ठाऊक असावी असा माझा समज झाला आहे. मी अजून काही ठरवलेले नाही. आईला काल सगळे सांगितले. तिने मंत्र्याविषयी काहीच विचारले नाही, त्या बाईंचे नाव काय एवढेच विचारले.

पिनांगकर:

आईंना सांगा की, कड शाबूत असती तरी बाईंचे स्वतःचे नाव बहुधा सापडले नसते. पाटीवर आणि चित्रावर बायकोची नोंद दोनच गोष्टींनी होई: माहेरचे आडनाव आणि नवऱ्याच्या किंवा मुलाच्या श्रेणीवरून मिळालेली पदवी. तिसऱ्या श्रेणीच्या बायकोला ‘शूरन’ म्हणत; सद्गुणी स्त्री असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा मोर खरा धरला तर त्या अमुक घराण्यातल्या शूरन, आणि ते ‘अमुक’ कापलेल्या कडेबरोबर गेले.